धुनेआधीचा श्वास

त्या दिवशी कानसेन घरातून निघाले ते दोन कामं डोक्यात घेऊन. चष्म्याची दांडी तुटली होती ती बसवून घ्यायची, आणि भाचीने बोलावलं होतं, तिच्याकडे जाऊन काहीतरी ऐकायचं. चष्मेवाल्याचं दुकान बंद निघालं. मग तुटक्या दांडीला दोरा बांधून, तो कानामागे अडकवून ते तसेच दुसऱ्या कामाला गेले. काम कानांचं होतं, डोळ्यांचं नव्हतं. त्यामुळे अडलं काहीच नाही.

कानसेन हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. तानसेन होता आलं नाही तर माणसाने निदान कानसेन तरी व्हावं, असं म्हणतात ना, त्यावरून स्टुडिओतल्या वादकांनी पाडलेलं नाव. उभा जन्म त्यांनी काचेमागे बसून चित्रपटांचं पार्श्वसंगीत टेपवर उतरवलं. गाणी नव्हेत. गाणी काय, लोक अंघोळ करतानाही म्हणतात. पडद्यावर एखादी बाई नुसती जिना चढत असते आणि आपल्या पोटात खड्डा पडतो, तेव्हा मागे जे वाजत असतं ते. घरी आल्यावर कोणी विचारलं की तिथलं संगीत कसं होतं, तर आपण म्हणतो, "छे, तिथे कुठे संगीत होतं?" ते.

काचेच्या पलीकडे, वादकांच्या पहिल्या रांगेत, त्यांची बायको बसायची. पहिलं व्हायोलिन तिचं. तिला जाऊन आता बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. होती ती बहिणीची ही मुलगी. लहानपणी हिने भोकाड पसरलं की आळी गोळा व्हायची, म्हणून मामीने हिचं नाव ठेवलं टिटवी. पुढे टिटवीने मामाचाच धंदा उचलला. आता तिची चाळिशी उलटली होती, केस पिकायला लागले होते, जुन्या टेपा धुऊन पुसून नव्या करून देणारी म्हणून चार ठिकाणी नाव झालं होतं. मामाच्या तोंडी मात्र अजून टिटवीच.

तिची खोली एका इमारतीच्या तळघरात होती. जिना उतरताना पायरीगणिक रस्ता मागे राहायचा. आधी गाड्यांचा आवाज जायचा, मग माणसांची बोलणी, आणि जाड दार लावलं की उरायचं काहीच नाही. भिंतींना गाद्या ठोकलेल्या, खिडकी एकही नाही. बाहेर रणरणती दुपार असली तरी आत आपली कायम एकच वेळ. अशा खोलीत नवा माणूस आला की थोड्या वेळात चुळबुळ करायला लागतो, कारण त्याला स्वतःच्या अंगातलं रक्त ऐकू यायला लागतं. कानसेनांना मात्र तिथे फार बरं वाटायचं.

ते सोफ्यावर टेकले आणि त्यांच्या छातीतून आवाज आला. आधी गुरगुर, आणि श्वास भरत आला की शेवटी एक बारीक शिट्टी; बिजागरीला तेल नसलेलं दार कोणीतरी जपून ढकलावं तशी.

"आलं का तुझं मांजर?" टिटवी म्हणाली.

गेल्या एक-दोन हिवाळ्यांपासून हे मांजर त्यांच्या छातीत येऊन बसलं होतं.

"जिन्याने दमवलं. बसेल आता गप्प."

"डॉक्टर काय म्हणाला?"

"म्हणाला, मांजर हट्टी आहे. आता ते घर सोडायचं नाही."

टिटवी हसली, पण मान फिरवून. तिने चहाचा कप त्यांच्या हातात दिला आणि आपली खुर्ची ओढून समोर बसली.

"लोकांचा कौल आला, मामा."

एक कंपनी आवडत्या चित्रपटांच्या पार्श्वसंगीताचा संग्रह काढत होती. लोकांना विचारलं होतं की तुम्हाला कुठल्या चित्रपटाचं संगीत सगळ्यांत जास्त आवडतं, आणि का. निवडलेल्या धुना साफ करायचं काम टिटवीकडे होतं.

"पहिलं ते युद्धाचं चित्र असणार," कानसेन म्हणाले. "ही एवढी वाजंत्री, वर नगारे."

"तिसरं."

"म्हणजे लोक सुधारले म्हणायचे! कानठळ्या बसवून रडवणं म्हणजे कांदा चिरून रडवणं गं. पाणी येतं डोळ्यांतून, पण दुःख कुठे असतं?"

"मला आवडतं हं ते."

"तुला जन्मापासून आरडाओरडाच आवडतो."

"दुसरं ते टांगेवाल्याचं."

यावर कानसेनांनी मान डोलावली. त्या चित्रात टांगेवाल्याचा मुलगा घरी येऊन दार उघडतो तेव्हा दर वेळी माउथ ऑर्गनवर एक छोटी लकेर येते. शेवटी दार उघडतं आणि लकेर येत नाही. कोण आलंय ते अजून दिसलेलंही नसतं, पण सगळ्या थिएटरला कळून चुकतं की मुलगा नव्हे, मुलाची बातमी आली.

"न वाजवून रडवलंय त्या माणसाने," कानसेन म्हणाले. "वाजवतात काय सगळेच. चांगली धून शेजारणीसारखी असते बघ. घरात काय झालंय ते घरातल्यांच्या आधी तिला कळलेलं असतं. आणि कधी गप्प बसायचं हेही चांगल्या शेजारणीला कळतं."

"अशी शेजारीण मला अजून भेटायचीय."

"बरं, मग पहिलं कुठलं?"

टिटवीने खुर्ची आणखी जवळ ओढली. मग म्हणाली, "आपलं. दीपगृहाचं."

कानसेनांनी कप बशीत ठेवला. खोलीत नुसतं मांजर ऐकू येत राहिलं.

ते चित्र टिटवीच्या जन्माआधीचं. दीपगृहाच्या राखणदाराची बायको. नवरा होडी घेऊन गेलेला, परतलेला नाही. ती रोज संध्याकाळी वर चढून दिवा लावते. आणि शेवटी शेवटी एकदा तिच्या डोळ्यांसमोर दिवा विझतो. पडदा पूर्ण काळा होतो. आणि त्या काळोखात धून सुरू होते. धून तरी कसली, चार स्वर, लहान पोरही वाजवील. पण ती ऐकल्यावर थिएटरमधून लोक उठायचे नाहीत. झाडूवाला येऊन उभा राहायचा तरी उठायचे नाहीत.

"लोकांनी काय लिहिलंय माहितीय?" टिटवी म्हणाली. "बऱ्याच जणांनी एकच गोष्ट लिहिलीय. धून सुरू व्हायच्या आधीच अंगावर काटा येतो. आधीच. का ते कळत नाही म्हणतात."

का ते कानसेनांना माहीत होतं. व्हायोलिन वाजवणारा माणूस तारेवर गज टेकवण्याआधी श्वास घेतो. त्याचं त्यालाही कळत नाही. धंद्याचा नियम असा, की तो श्वास कापून टाकायचा. कानसेन पातं घेऊन टेपचे तेवढे तुकडे कापायचे आणि संध्याकाळी ते केराबरोबर झाडले जायचे. बायको घरी आल्यावर विचारायची, "आज माझे किती श्वास झाडलेत हो? अशाने आयुष्य कमी व्हायचं माझं." दोघंही हसायची. तिने वाजवलेली कितीतरी चित्रं होती आणि कुठल्याही चित्रात तिचा श्वास उरला नव्हता. या एका धुनेआधीचा तेवढा होता. तो काढला की धून मेल्यासारखी वाटते, म्हणून संगीतकारानेच काढू दिला नव्हता.

"तुला तेवढ्यासाठीच बोलावलं," टिटवी म्हणाली. "काल दिवसभर बसून लख्ख करून ठेवलीय. खरखर, खुर्च्यांची कुरकुर, खोकले, सगळं गेलं. त्यांची अटच आहे तशी. वाद्याशिवाय काही ऐकू येता कामा नये." ती थांबली. "श्वाससुद्धा, मामा."

कानसेन चष्म्याचा दोरा बोटाने चाचपत राहिले.

"ती मामी आहे हे मला माहितीय. म्हणून तर तुला न विचारता पाठवली नाही. पण आज संध्याकाळी द्यायचीय."

"राहू दे की तेवढा एक," ते हळूच म्हणाले. "कोणाच्या घरी ते ऐकतील... कोणी स्वयंपाक करताना, कोणी आजारपणात पडल्या पडल्या... तिथे ती एवढा एक श्वास घेते. दुसरीकडे कुठेच घेत नाही आता."

टिटवीला गलबलून आलं. तरी ती म्हणाली, "आधी ऐक तर. मी काल तुकड्या-तुकड्यानेच केलीय, सलग मीही ऐकलेली नाही. तुला पटलं नाही तर बोलू."

तिने दिवा बंद केला. ही सवय मामाचीच. डोळे चोमडे असतात, ते कानाला ऐकू देत नाहीत, असं म्हणून तो पहिल्यापासून अंधारात ऐकायचा. कॉम्प्युटरचा पडदाही तिने पालथा घातला. आता हातही दिसत नव्हता.

आधी बासरी आली. एक लांब सूर, ज्योतीसारखा थरथरणारा. तो बारीक होत गेला, आणखी बारीक, आणि विझला.

मग काळोख.

दोघं थांबली. आता यायची. आता.

काही आलं नाही.

"कुठे आहे?" कानसेनांनी विचारलं.

"यायला हवी होती." टिटवीने चाचपडत पडदा वर केला. निळसर उजेडात तिचा चेहरा गोंधळलेला दिसला. आवाजाची रेघ बासरीपर्यंत डोंगरदऱ्यांसारखी होती आणि पुढे सरळ, ताणलेल्या दोरीसारखी. "असं कसं... काल इथे होती. मी फक्त श्वासाचा तुकडा उचलला, पुढच्या सुरांना हात पण लावला नाही."

तिने श्वास परत जागेवर ठेवला. रेघेवर डोंगर उमटले. वाजवून पाहिलं. बासरी विझली, अंधारात एका बाईने श्वास घेतला, आणि धून आली. पाण्यावरून यावी तशी, शांत. कानसेनांनी डोळे मिटले.

टिटवीने पुन्हा श्वास उचलला. रेघ सरळ.

"मशीन बिघडलंय," ती म्हणाली.

"असेल."

तिने मशीन बंद करून सुरू केलं. शेजारच्या दुसऱ्या मशीनवर करून पाहिलं. तिथेही तेच. मग तिला एक युक्ती सुचली. श्वास पूर्ण न काढता तिने तो अर्धा केला, जेमतेम ऐकू येईल एवढा, आणि वाजवलं.

या वेळी धून आली. पण कशी आली! एक व्हायोलिन आधी निघालं आणि दचकून थांबलं. मागून दोघे-तिघे आले. सेलो उशिरा, चाचपडत. काही जण आलेच नाहीत. ओळखीच्या घरात दिवे गेल्यावर माणसं एकमेकांना धडकतात तशी ती धून अडखळत चार पावलं चालली आणि उभी राहिली.

टिटवीने घाईघाईने बंद केलं.

"मामा... हे असं कधी वाजवलं होतं का त्यांनी? सराव करताना वगैरे?"

"नाही. पहिल्या फटक्यात झाली होती. दुसरं रेकॉर्डिंगच नाही तिचं."

"मग हे टेपवर आलं कुठून?"

कानसेनांनी दोऱ्याचा चष्मा काढून मांडीवर ठेवला. त्यांना मघापासून एक वास येत होता. गजाला घासायच्या राळेचा, गोडसर, धुरकट.

"इथे कोणी व्हायोलिनवाला येऊन गेला का गं?"

"इथे? माझ्याशिवाय कोणी येत नाही इथे. का?"

"काही नाही."

मग त्यांनी तिला सांगितलं. ते सावकाश बोलायचे आणि आज त्याहून सावकाश बोलले.

"पडद्यावर चित्र चालवायचे आणि त्याकडे बघत वाजवून घ्यायचे, तशी पद्धत होती. हॉलमध्ये अंधार. प्रत्येकाच्या कागदावर एक छोटा दिवा. समोर उभा राहून संगीतकार हात दाखवायचा आणि सगळे सुरू करायचे. पण ही धून एवढी हळू होती की त्या दिव्यांची गुणगुण माइकमध्ये यायची. ते दिवे घालवले. म्हटलं, चारच तर स्वर आहेत, पाठ आहेत. पण नेमका त्याच वेळी पडदाही काळा होतो ना! चित्रातला दिवा विझला की हॉलमध्ये ठार काळोख. संगीतकाराचा हात दिसणार कोणाला?"

"मग?"

"मग तुझी मामी म्हणाली, मी श्वास घेते, त्यावर सगळे या."

टिटवीने पडद्यावरच्या रेघेकडे पाहिलं.

"म्हणजे ते... तिच्या श्वासावर सुरू करतात."

"हो. तसंच ठरलं होतं," कानसेन म्हणाले. मग जरा वेळाने, "शब्दाची पक्की माणसं होती सगळी."

हे ते इतक्या साधेपणाने बोलले, की टिटवीच्या हातांवर काटा आला. तिने उठून दिवा लावला. उजेडात खोली नेहमीसारखीच होती: टेपांचे डबे, वायरी, चहाचे कप.

"तू कुठे होतास तेव्हा?" काहीतरी विचारायचं म्हणून तिने विचारलं.

"मी काचेमागे. दुसरीकडे कुठे असणार? तिच्या शेजारची खुर्ची रिकामी असायची. त्यावर ती व्हायोलिनची पेटी ठेवायची आणि कोणी बसायला आलं की म्हणायची, 'धरलीय.' मला चिडवायची. 'अहो, काचेमागून काय कळतंय? एकदा इकडे येऊन बसा. अंधारात कसं वाटतं बघा.'"

"मग बसलास का कधी?"

"मशीन कोण चालवणार? म्हणायचो, हे एवढं आटपलं की येतो. एक आटपलं की दुसरं यायचं." ते हसले. "पेटी काही उचलली नाही तिने. धरून ठेवायची आपली."

टिटवीने फोन उचलला आणि संग्रहवाल्यांना लावला. पलीकडचा माणूस घाईत होता.

"मॅडम, श्वास राहून कसं चालेल? लोक म्हणतील, साफ केलंच नाही."

"काढला तर धून वाजत नाही."

"वाजत नाही म्हणजे?"

"ऐका तुम्हीच." तिने फोन स्पीकरजवळ धरला आणि श्वास काढलेली धून लावली. बासरी विझली. मग शांतता. लांबच लांब शांतता.

"हॅलो?" फोनमधून आवाज आला. "हॅलो, कट झाला का फोन? ... मॅडम? ... कोणी आहे का तिथे?" मग त्याचा आवाज एकदम उतरला. "मॅडम, तिकडे किती माणसं आहेत?"

"मी आणि माझे मामा. का?"

"नाही... मला वाटलं, बरेच जण बसलेत. गप्प." तो घसा खाकरला. "हे बघा, राहू द्या तो श्वास. बाकीचं मात्र साफ पाहिजे हं. आणि आजच पाठवा."

टिटवीने फोन ठेवला. कानसेन तिच्याकडे बघत होते. लहान मुलाला जत्रेतून परत निघताना फुगा मिळावा, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

"राहिला?"

"राहिला, मामा."

तिने त्यांच्यासमोर धून नीट बसवली, पूर्ण श्वासासकट, आणि पाठवून दिली. एक काम हातावेगळं झालं. मामीचा तो एक श्वास आता घरोघर जाणार होता.

इतकं झाल्यावर कानसेनांनी घरी जायचं. पण टिटवीला वाटलं, मामा आज एवढा खूश आहे, तर त्याला आणखी काहीतरी द्यावं.

"हे मशीन ना, जे काढून टाकतं ते फेकत नाही," ती म्हणाली. "सगळा कचरा वेगळ्या पट्टीवर ठेवतं. सूर नाहीत त्यात, नुसते खोकले आणि खुर्च्या. ऐकायचाय?"

"म्हणजे माणसं सगळी?"

"माणसं सगळी."

"मग लाव की! विचारतेस काय?"

तिने पुन्हा दिवा घालवला आणि पडदा पालथा केला.

आधी खरखर आली, दूरच्या पावसासारखी. मग त्या खरखरीत कोणीतरी खोकलं.

"झांजवाला!" कानसेन अंधारात म्हणाले. "विड्या ओढायचा. हजारदा सांगितलं त्याला."

लाकूड करकरलं.

"सेलोवाला. हा एवढा देह. त्याच्या खुर्चीला रोज नवी खीळ ठोकायला लागायची."

"आणि हे चट् चट्?"

"बासरीवाला. लिमलेटची गोळी चघळतोय लेकाचा. आपलं काम झालं ना त्याचं, बासरी विझली." ते गुदगुल्या झाल्यासारखे हसत होते. एकेक माणूस त्यांनी ओळखला. हा कागद उलटतोय, हा बूट घासतोय, ही बांगडी वर सरकवतेय. टिटवीही हसायला लागली. खरखरीच्या पावसात ती सगळी माणसं आपापल्या खुर्च्यांवर येऊन बसली होती, आणि तळघरातली खोली भरल्यासारखी वाटत होती.

मग हळूहळू एकेक आवाज थांबला. दिवे घालवले की लोक थांबतात तसा. खरखर तेवढी राहिली.

आणि एक खुर्ची सरकली. जपून. आधी तिच्यावरचं काहीतरी उचलून खाली ठेवल्याचा आवाज, लाकडी, पोकळ. मग कोणीतरी बसल्याचा.

"ही कोणाची, मामा?"

कानसेन सोफ्यावर पुढे सरकले.

खुर्ची डावीकडे होती, पहिल्या रांगेत. आणि तिथून, त्या जुन्या टेपवरून, गुरगुर यायला लागली. गुरगुर, आणि श्वास भरत आला की शेवटी एक बारीक शिट्टी. बिजागरीला तेल नसलेल्या दारासारखी.

"मामा, तुझं मांजर आज जोरात आहे," टिटवी कुजबुजली. "औषध देऊ का?"

कानसेनांनी श्वास धरला. तोंड घट्ट मिटलं, हात छातीवर दाबला आणि कान दिला. जन्मभर त्यांनी दुसरं केलं काय होतं?

गुरगुर थांबली नाही. सावकाश, एकसारखी, डावीकडून येत राहिली. त्यांचा श्वास धरलेलाच होता.

"मामा?"

राळेचा वास आता अगदी जवळ होता. पट्टीवर कोणीतरी हळूच श्वास सोडला. बाईचा. पुष्कळ वेळ जागा धरून बसलेलं माणूस, ज्याची वाट बघत होतं तो येऊन शेजारी टेकला की सोडतं, तसा. कानसेनांना तिचे श्वास घेतलेले सगळे ठाऊक होते, कापलेले आणि राखलेले. सोडलेला त्यांनी कधी ऐकला नव्हता.

मग त्यांनीही आपला सोडला.

"मामा, बोल ना... ती खुर्ची कोणाची?"

"रिकामी असायची ती," कानसेन म्हणाले. त्यांचा आवाज स्वच्छ होता, गेल्या दोन हिवाळ्यांत नव्हता इतका. त्यांनी एकदा श्वास घेतला, पुन्हा एकदा घेतला, आणि अंधारात स्वतःच्याच छातीवर हात फिरवून बघितला.

टिटवीच्याही ते लक्षात आलं. तिचे कान मामानेच तयार केलेले होते.

"मामा," ती अगदी हळू म्हणाली, "तुझ्या छातीतलं मांजर गेलं."

"हो ना," कानसेन म्हणाले.

आणि दोघं ऐकत बसली. पट्टीवरच्या त्या डाव्या खुर्चीत मांजर निवांत गुरगुरत होतं.